वाघ : नाही

आमच्या मूल शहरात चैत्र आला हे मला नाकाने कळतं. वर्षभर इथे धानाच्या कोंड्याचा वास असतो. राइस मिलच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्याला तो वास म्हणून जाणवतही नाही. पण उन्हं चढू लागली की एखाद्या सकाळी कूलरच्या ओल्या गवतातून दुसराच वास घरात शिरतो. गोड, जड, किंचित आंबूस. कोणीतरी गच्चीवर मोहाची फुलं वाळत घातलेली असतात. जंगल इथून थोडं दूर आहे, पण या दिवसांत ते असं पिशवीत बसून, एसटीने, सायकलीच्या कॅरियरवरून शहरात येतं.

यंदाही आलं. मी खिडकी लावून घेतली. वास काही खिडकी लावल्याने जात नाही, हे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं.

या वासाशी माझा एक मोसम बांधलेला आहे. त्या मोसमात माझ्या हातून एका यंत्राने अर्धवट बोलावं अशी व्यवस्था झाली आणि त्याचा ठपका एका बाईवर आला. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. वाचकाला शेवटपर्यंत झुलवत ठेवावं असा हा विषय नाही.

नोकरीची सगळी वर्षं मी पुण्यात कम्प्युटरच्या कामात काढली आणि निवृत्त होऊन मूलला परतलो. इथल्या लोकांना माझं काम समजावून सांगणं अवघड जायचं. मग मी म्हणायचो, मी खिडक्या जोडतो. आजकाल प्रत्येक कचेरीच्या, मंडळाच्या कम्प्युटरला एक खिडकी असते. तिला एपीआय म्हणतात. माणसाने नाही, दुसऱ्या कम्प्युटरने तिथे जाऊन विचारायचं आणि माहिती घेऊन यायचं. अडचण एवढीच की प्रत्येक खिडकीची तऱ्हा वेगळी. एक म्हणते गावाचं नाव सांगा, दुसरी म्हणते गावाचा क्रमांक सांगा. तिसरीला पावसाचा अंदाज विचारला तर ती वाऱ्याची दिशा आणि गेल्या आठवड्याचं ऊनही ओटीत घालते.

जंगलाला लागून असलेल्या एका टोल्यासाठी, म्हणजे छोट्या वस्तीसाठी, आम्ही काही रिकामटेकडे निवृत्त लोक एक काम करायला घेऊन बसलो होतो. मोहाच्या दिवसांत तिथल्या माणसाला सकाळी बाहेर पडण्याआधी मोजक्या गोष्टी कळायला हव्या असतात. आभाळ येणार का, कारण भिजलेला मोह काळा पडतो. ग्रामसभेच्या खरेदीत आज भाव काय. सावली गावाकडे जाणारी एसटी आहे की रद्द झाली. आणि वाघ. ही सगळी माहिती कुठे ना कुठे होती, निरनिराळ्या खिडक्यांमागे. आम्ही त्यांच्यापुढे एकच दार बांधलं. कम्प्युटरवाले त्याला गेटवे म्हणतात. दारात एकदाच विचारायचं, दार सगळ्या खिडक्यांकडे धावतं आणि एकच उत्तर हातात देतं.

टोल्यावर हे समजवायला मला फार त्रास पडला नाही, कारण ही पद्धत तिथे आधीच होती. कोणी मूलला निघाला की घराघरातून हाका येतात. "मूलले चालला का गा? तर मह्यासाठी बॅटरीचे सेल आनजो." "पोराचं औषध आनजो, चिठ्ठी देतो." तो एकटा जातो, दहा दुकानं फिरतो आणि संध्याकाळी एका पिशवीत सगळ्यांचं घेऊन येतो. मी म्हटलं, आमचं यंत्र म्हणजे हा मूलला जाणारा माणूस. लोकांनी माना डोलावल्या. त्या माणसाची एक सवय मात्र मी तेव्हा लक्षात घेतली नाही. सेल मिळाले नाहीत तर तो नुसता रिकामा हात दाखवत नाही. दुकानात सेल संपले होते, की दुकानच बंद होतं, हे तो सांगतो. दुकान बंद असेल तर उद्या पुन्हा कोणीतरी जातं.

दारात विचारण्याची एक भाषा होती. क्वेरी लँग्वेज. तिची मला खरोखर ओढ लागली होती. जुन्या पद्धतीत खिडकी जे देईल ते घ्यावं लागे. या भाषेत आपल्याला काय हवं त्याची फक्त नावं लिहायची, महिरपी कंसांत, एकाखाली एक. गाव, त्यात भाव, त्यात एसटी, त्यात वाघाच्या नोंदी. उत्तर येतं ते हुबेहूब त्याच आकारात, नुसत्या रिकाम्या जागा भरून. न मागितलेलं एक अक्षर येत नाही. माणसांशी बोलताना असं कधी होत नाही. मला वाटायचं, किती सभ्य भाषा आहे ही.

त्या आकाराचा दुसरा अर्थ मला उशिरा कळला. जे विचारायचं सुचलं नाही, ते उत्तरात कधीच येणार नाही.

टोल्यावर देवाजीभाऊ नावाचा एक म्हातारा आहे. काटक, तोंडाने तिखट. यंत्राची चाचणी आम्ही त्याच्या ओसरीवर बसून केली. मोहाची टोपली शेणाने लिंपत त्याची बायको मागे बसली होती.

"हे पाय मधूभाऊ," देवाजी म्हणाला, "माह्या बायकोले म्या इचारलं मीठ आहे का, तर ते सांगते मीठ संपलं, तेल संपलं अन् तुमची अक्कल बी संपली. ह्या मशीनले इचारलं मीठ आहे का, तर मीठच सांगीन ना?"

"मीठच सांगेल."

"मंग बायकोपरीस बरी आहे."

"तिच्याच हातची भाकर खाजो मंग," मागून आवाज आला.

सगळे हसले. मीही हसलो. मला तिथे खुर्ची दिलेली होती. बाकी सगळे जमिनीवर, मी खुर्चीवर. चाळीस वर्षं बाहेर काढून परत आलेल्या माणसाला गावात खुर्ची मिळते, याचं सुख वेगळं असतं. ही खुर्ची पुढे येईल म्हणून नाही, खरं कारण सांगायचं म्हणून लिहितो आहे. मी पुढे जो गप्प बसलो तो मुख्यतः हिच्यामुळे.

वाघाच्या नोंदींची खिडकी सगळ्यांत रखडणारी होती. टोल्यात वाघावर लक्ष ठेवणारं एक छोटं पथक होतं. पाऊल दिसलं, गुरावर हल्ला झाला, कोणी वाघ पाहिला की पथकातल्या माणसाने फोनवरून नोंद पाठवायची. ती एका स्वयंसेवी मंडळाच्या कम्प्युटरवर साठायची आणि आमचं दार ती तिथून आणायचं. पण मंडळाचा तो कम्प्युटर उन्हाळ्यात म्हशीसारखा बसून राही. विचारावं तर उत्तरच देत नसे.

आणि आमच्या आराखड्यात मी एक कडक नियम घातला होता. वाघाच्या नोंदी ‘असायलाच हव्यात’. या भाषेत असा नियम केला आणि ती गोष्ट आली नाही, तर तिच्यामुळे तिच्यावरची गोष्ट रिकामी होते, मग तिच्यावरची, आणि असं करत सगळं उत्तर कोरं पडतं. एका खिडकीने तोंड मिटलं की सगळं दारच मुकं. सकाळी लोक फोन उघडत आणि पांढरा पडदा दिसे.

"काय भाऊ," देवाजी मला बाजारात म्हणाला, "तुमची मशीन वाघावर रुसली म्हनून मोहाचा भाव बी नाई सांगत?"

त्याचं म्हणणं रास्त होतं. मी घरी आलो आणि नियम सैल केला. वाघाच्या खिडकीने वेळेत उत्तर दिलं नाही, तर तिच्या जागी रिकामी यादी ठेवायची. बाकीचं उत्तर सुखरूप जाईल. काम अगदी थोडं होतं. चहा निवायच्या आत झालं. रिकामी यादी म्हणजे एकही नोंद नाही, आणि एकही नोंद नसेल तेव्हा पडद्यावर काय दिसावं हे मी आधीच ठरवून ठेवलेलं होतं. म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून मोठी अक्षरं. मोठ्या अक्षरांत बसेल असा छोटा शब्द.

वाघ : नाही.

या उत्तरांबरोबर चुकांचा एक वेगळा कप्पा येतो. अमुक खिडकीने उत्तर दिलं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं. भाषा बनवणाऱ्यांनी ती सोय केलेली आहे. तो कप्पा पडद्यावर दाखवायचा नाही असं मीच ठरवलं. लोक उगाच गोंधळतील, असं मला वाटलं.

माझी आई याच भागातली. लहानपणी मी तिच्याबरोबर मोह वेचायला जायचो. झाडाखालचा पालापाचोळा आदल्या दिवशी जाळून जमीन काळी करून ठेवलेली असायची, म्हणजे फूल पडलं की पिवळंधमक दिसावं. फुलं पडताना बारीक आवाज होतो, थांबून थांबून, जणू झाड काहीतरी मोजतं आहे. वाकून वेचताना पाठ भरून येते. त्या सगळ्या सकाळी आई जंगलात वाघाचं नाव घ्यायची नाही. ‘तो’ म्हणायची. वाटेत कोणी भेटलं आणि विचारलं, काय खबर, तर ती म्हणायची, "दिसला नाई." कधीही ‘नाई’ एवढंच म्हणायची नाही. कोणीच म्हणत नाही. जंगलात ‘तो नाई’ असं बोलणं अशुभ मानतात, जणू त्याला बोलावणं धाडलं. मी त्याला अंधश्रद्धा समजायचो. अजूनही कदाचित ती अंधश्रद्धाच असेल. पण ‘दिसला नाई’ या शब्दांत पाहणारा माणूस शिल्लक राहतो. कोणीतरी पाहिलं, त्याला दिसला नाही. माझ्या पडद्यावरच्या ‘नाही’मागे कोणी पाहणारा नव्हता. हे माझ्यातल्या आईच्या मुलाला माहीत होतं, पुण्याहून आलेल्या माणसाला आठवलं नाही.

पथकात एक बाई होती, तिशीतली, टोल्याचीच सून. तिचं माहेर चिमूरकडे. तिच्या भाचीचा साखरपुडा होता. निघायच्या दिवशी दुपारी ती नाल्याकडे चक्कर मारून आली, वाळूत ताजी पावलं पाहिली, फोनवरून नोंद पाठवली आणि एसटीत बसून चिमूरला गेली. मंडळाच्या फोनवरच्या पानाची रीत अशी की नोंद पाठवली की पान कोरं होऊन पुढच्या नोंदीसाठी तयार राहायचं. पाठवलं याची खूण फोनमध्ये उरायची नाही.

नोंद मंडळाच्या कम्प्युटरवर पोचली. मग तो कम्प्युटर बसला. आमच्या दाराने सकाळी त्याला विचारलं, थोडा वेळ वाट पाहिली आणि रिकामी यादी घेऊन परत आलं.

देवाजीने फोन पाहिला. भाव चढलेला, आभाळ नाही, वाघ नाही. तो आपल्या झाडाखाली गेला. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही असं म्हणतात. घाणेरीच्या झुडपातून तो आला. शेजारच्या झाडांखालच्या बायांनी आरडाओरडा केला, टोपल्या आपटल्या, पिपे वाजवले, तेव्हा त्याने देवाजीला सोडलं. देवाजी वाचला. उजवा हात मात्र खांद्याच्या वर पुन्हा गेला नाही. मी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्याच्या अंगाला औषधाबरोबर मोहाचाही वास येत होता. वेचलेली फुलं त्याच्या कपड्यात चेंगरली होती.

गावाने चौकशी केली ती आमच्या पडद्यावर. पडद्यावर ‘नाही’ होतं. म्हणजे नोंद झालेली नव्हती. मंडळाकडे जाऊन मुळात विचारावं हे कोणाला सुचलं नाही. आमचं दार झाल्यापासून त्या खिडक्यांपाशी कोणी जातच नव्हतं. दाराचा उपयोगच तो होता.

"साखरपुड्याचे लाडू खायले गेली, अन् इकडं मानूस वाघाले देल्ला," असं विहिरीवर बोललं गेलं. देवाजी खाटेवरून बोलला ते त्याहून कडू होतं, ते मी लिहीत नाही. तिला पथकातून काढलं. तिच्या सासूने शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायला सुरुवात केली, "आमची फोनवाली बाई."

ती मूलला माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"भाऊ, मी टाकलं होतं ना. नाल्याची पावलं. तुमच्या कम्प्युटरात पाहाना."

"पाहतो," मी म्हणालो.

मी पाहिलं होतं. देवाजीवर हल्ला झाला त्याच आठवड्यात मी मंडळाच्या खिडकीपाशी थेट जाऊन विचारलं होतं. नोंद तिथे होती. नाला, ताजी पावलं, तिचं नाव. सगळं जागच्या जागी.

पुढे ती बाजारात भेटली. "पाह्यलं का भाऊ?"

"अजून नाही," मी म्हणालो.

त्यानंतर भेटली तेव्हा तिने विचारलं नाही. जरा वेळ भाजीवाल्याशी भाव करत उभी राहिली आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मीच इसरली असन. घाईत होती ना, एसटी आली होती. बटन दाबलं असं वाटलं असन."

मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुधा काही म्हणालो नाही.

यंत्र मी दुरुस्त केलं. ते गुपचूप केलं. आता एखाद्या खिडकीने उत्तर दिलं नाही तर पडद्यावर ‘माहिती आली नाही, सांभाळून जा’ असं येतं आणि बाकीचं सगळं दिसतं. त्यासाठी आराखड्यात काय बदलावं लागतं ते मला आधीपासून ठाऊक होतं. या क्षेत्रात शिकाऊ पोरांनाही पहिल्या महिन्यात शिकवतात की शून्य वेगळं, रिकामं वेगळं आणि अज्ञात वेगळं. घागर रिकामी आहे, घागरीत पाहिलेलं नाही, आणि घागर कुठे आहे तेच ठाऊक नाही. मी स्वतः हे कित्येकांना शिकवलं होतं, फळ्यावर घागरी काढून.

दुरुस्तीनंतर दार चांगलं चाललं. सावलीकडची गावं जोडली गेली, मग चिमूरकडची. नव्या ठिकाणीही मला खुर्ची मिळाली. मी मनाशी हिशेब मांडायचो की पुढे कितीजण सांभाळून गेले असतील. तो हिशेब जुळायचा. फक्त त्यात ती बाई कुठे धरायची ते कळायचं नाही. मग मी तिला बाजूला ठेवायचो. चुकांच्या कप्प्यात.

वर्षं गेली. देवाजी डाव्या हाताने वेचू लागला. तो मूलला आला की माझ्याकडे चहा प्यायचा. एकदा म्हणाला, "भाऊ, वाघाले म्या माफ केलं. त्याचं पोट आहे बिचाऱ्याचं. पन ते बाई, ते शिकली-सवरली होती." मी त्याला बिस्किटं पुढे केली. त्याने बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून खाली गेलं आणि आम्ही दोघंही त्या बिस्किटावर बोलत बसलो.

गेल्या महिन्यात टोल्यावरून बोलावणं आलं. मोह सुरू होण्याआधी पथक नव्याने बांधायचं होतं. वाघ वाढले, माणसं कमी पडत होती. पंचायतीच्या खोलीत, भर दुपारी, पंखा फिरत असूनही घाम थांबत नव्हता. सरपंच, दोन-चार पंच, गावची माणसं भिंतीला टेकून, देवाजीही. मला खुर्ची. ज्यांना पथकात यायचं त्यांनी उभं राहून आपलं नाव सांगायचं होतं.

ती उभी राहिली. केसांत एखादा पांढरा दिसत होता. खोलीत कुजबुज झाली. भिंतीजवळून कोणीतरी म्हणालं, "साखरपुडा गिखरपुडा नाई ना यंदा?" हशा पिकला.

ती हसली नाही, रागावलीही नाही. शाळेत पाठ केलेलं बोलावं तशी म्हणाली, "मागच्या येळी माह्याकडून चूक झाली. नोंद टाकाची राहून गेली. देवाजीमामाले तरास झाला. आता नाई होनार. आता मी दोनदा पाहतो."

तिने हे स्वतःच्या तोंडाने म्हटलं. कोणी म्हणायला लावलं नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो की मी एक गोष्ट लपवली आहे. तसं नव्हतं. मी तिच्या डोक्यात एक खोटी गोष्ट ठेवून दिली होती आणि ती तिने सांभाळली, वापरली, आता भरल्या खोलीत स्वतःची म्हणून सांगितली.

मी उभा राहिलो. म्हणालो, "तिची चूक नव्हती. तिने नोंद पाठवली होती. ती आमच्यापर्यंत आली नाही हे माझ्या यंत्राने लपवलं. मी तसं केलेलं होतं. मी त्याच आठवड्यात पाहिलं होतं आणि बोललो नाही."

मग सरपंच म्हणाले, "जाऊ द्या ना भाऊ आता. जुनी गोष्ट. इंटरनेटचं काय, कवाबी जाते."

"इंटरनेट गेलं नव्हतं," मी म्हणालो. "मी ‘माहीत नाही’च्या जागी ‘नाही’ लिहिलं."

देवाजी भिंतीजवळून उठला. त्याला उठायला वेळ लागतो, एकाच हाताचा आधार घ्यावा लागतो. तो माझ्याकडे आला नाही. तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मंग पोरी, म्या तुले इतके साल बोललो, ते?"

तिने पदर सावरला.

"अन् ह्याच्या घरी चहा पेत होतो म्या," देवाजी म्हणाला आणि बाहेर निघून गेला. त्यानंतर तो माझ्याकडे आलेला नाही. येईल असं मला वाटत नाही आणि यावं असं म्हणण्याचा मला अधिकार नाही.

सभा संपल्यावर ती पंचायतीच्या पायरीवर थांबली होती. समोर सागाची पानं गळालेली, नुसत्या काड्या. रस्त्यावर डांबर मऊ झालेलं.

"म्हनजे मी बटन दाबलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तुमी कवा पाह्यलं म्हनले? त्याच आठवड्यात?"

"हो."

तिने जरा वेळ मनातल्या मनात काहीतरी मागे नेऊन पाहिलं. "तवापासून मी गॅस बंद करतो अन् परत जाऊन पाहतो. कुलूप लावतो अन् अर्ध्या रस्त्यातून येतो. मालक म्हनते, तुले डोक्याच्या डाक्टरले दाखवा लागते. पोरगी झाली तवा रातभर तिच्या नाकाशी हात धरून पाहत होती, आहे का, आहे का. भाऊ, माह्या डोळ्यानं पाह्यलेलं मलेच खरं वाटत नाई."

मला माफी मागायची होती. तिने हात वर केला, म्हणजे थांबा.

"पथकात घेतलं मले," ती म्हणाली. "आता उगाच घेतलं का खरंच घेतलं, कोन जाने. उद्या हे लोक म्हनतीन, म्हातारा सठियाला, पोरीची दया आली त्याले. तोंडाचं काय खरं."

"मी लिहितो," मी म्हणालो. "लेख लिहितो. वर्तमानपत्राच्या पुरवणीत माझं कधीमधी छापून येतं. तुझं नाव बदलून लिहितो."

"काऊन?"

"लोक वाचतील ना."

"लोकाईनं बोलताना बदललं होतं का नाव?" ती म्हणाली. "विहिरीवर माह्या नावानं बोलले. माह्या पोरीच्या शाळेत माह्या नावानं बोलले. तुमी बी नावानंच लिहा. पूरं."

मी हा लेख लिहायला बसलो तेव्हा सवयीने मोहापासून सुरुवात केली, वासापासून, आईपासून, आणि इतका वेळ नुसतं ‘ती’, ‘बाई’ करत आलो. हातच धजत नव्हता.

सुनंदा गेडाम यांनी त्या दुपारी नाल्याजवळच्या पावलांची नोंद केली होती.